गर्भिणीचा पांडुरोग : एका गोळीचा इतिहास



जालन्याचें नांव काढलें कीं बाहेरच्या माणसाला दोन गोष्टी आठवतात. एक येथील लोखंडी सळयांचे कारखाने. आणि दुसरी, 'जालना सोने का पालना' ही जुनी म्हण. लोखंड आणि पाळणा हे दोन शब्द या शहराशीं असे जोडले गेले असले, तरी त्या दोहोंचा एकमेकांशीं जो खरा संबंध आहे त्याकडे आपलें लक्ष क्वचितच जातें. पाळण्यांत निजणाऱ्या मुलाची प्रकृति त्याच्या आईच्या रक्तांतील लोहावर पुष्कळ अंशीं अवलंबून असते, आणि आपल्याकडील निम्म्या आयांच्या रक्तांत हें लोह पुरेसें नसतें. दवाखान्यांत किंवा गांवच्या आरोग्य उपकेंद्रांत गरोदर स्त्रीला जी लाल गोळी देतात, ती हीच उणीव भरून काढण्याकरितां. गोळी लहान आहे, ती फुकट मिळते, आणि कदाचित् म्हणूनच तिची किंमत कोणी करीत नाहीं. परंतु तिच्यामागें मोठा इतिहास आहे, आणि त्यांतील एक महत्त्वाचें प्रकरण दूर कोठें परदेशांत नव्हे, तर आपल्या मुंबईंत, परळच्या गिरणगांवांत लिहिलें गेलें आहे. मी वैद्य नव्हे आणि डॉक्टरहि नव्हे. शाळेंत इतिहास शिकविणारा मी एक मास्तर. तेव्हां इतिहासाच्याच वाटेनें हा विषय आज आपल्यापुढें मांडतों.

पांडुरोग हा शब्द आपल्याकडे नवा नाहीं. चरकसंहितेंत या रोगाचें स्वतंत्र वर्णन आहे, आणि त्यावरील औषधांत लोहाचें चूर्ण व मंडूर, म्हणजे जुन्या लोखंडाचा कीट, यांचा उपयोग सांगितला आहे. युरोपांत सतराव्या शतकांत टॉमस सिडनॅम नांवाचा इंग्रज वैद्य फिकट पडलेल्या तरुण मुलींना लोखंडाचा कीस मद्यांत भिजवून देत असे. पुढें १८३१ च्या सुमारास ब्लो या फ्रेंच डॉक्टरनें लोहाच्या क्षाराच्या गोळ्या केल्या, आणि त्या त्याच्याच नांवानें शंभर वर्षें दवाखान्यांतून खपत राहिल्या. रक्त आणि लोह यांचें नातें माणसाला असें फार पूर्वींच उमगलें होतें. गर्भिणीच्या बाबतींत हा प्रश्न नेहमींच्या अशक्तपणाहून निराळा आणि अधिक गंभीर कां होतो, हें मात्र समजावयास विसावें शतक उजाडावें लागलें.

आज तो हिशेब आंकड्यांनीं मांडतां येतो. रक्तांतील तांबड्या पेशींत हिमोग्लोबिन नांवाचें द्रव्य असतें. श्वासाबरोबर आलेला प्राणवायु शरीरभर पोंचविणें हें त्याचें काम, आणि लोहावांचून तें तयार होत नाहीं. गरोदरपणांत आईच्या अंगांतील रक्त जवळजवळ दीडपट होतें. त्या नऊ महिन्यांत सुमारें १००० मिलिग्रॅम, म्हणजे एक ग्रॅम, लोह लागतें. त्यांतील सुमारें ३०० मिलिग्रॅम गर्भ आणि वार यांच्या वाट्याला जातें, ५०० मिलिग्रॅम आईच्या वाढत्या रक्ताला लागतें, आणि उरलेलें रोजच्या झिजेंत खर्च होतें. एक ग्रॅम म्हणजे चिमूटभर वजन. पण तें मिळविणें सोपें नाहीं. भाकरीपोळींत आणि डाळींत लोह असतें खरें, परंतु त्यांतील फार थोडा भाग शरीर शोषून घेतें. ज्या मुलीच्या अंगांत लग्नापूर्वींच सांठा नाहीं, तिच्यावर गरोदरपण हें कर्ज होऊन बसतें. गर्भ आपला वाटा आईकडून वसूल करीत राहतो आणि आई आंतून रिती होत जाते.

गरोदर स्त्रीच्या १०० मिलिलिटर रक्तांत ११ ग्रॅमपेक्षां कमी हिमोग्लोबिन असलें तर तिला पांडुरोग झाला असें डॉक्टर समजतात. ७ ग्रॅमच्या खालीं गेलें तर तो गंभीर मानतात. या आंकड्यांचा अर्थ बाळंतपणाच्या वेळीं कळतो. प्रसूति म्हटली कीं थोडेंफार रक्त जावयाचेंच. ज्या स्त्रीच्या अंगीं पुरेसें रक्त आहे ती तें सोसते. जिच्या रक्तांत मुळांतच जोर नाहीं, तिच्या जिवावर तेवढाच रक्तस्राव बेततो. मूलहि दिवस पुरे होण्यापूर्वीं किंवा कमी वजनाचें जन्मण्याचा संभव वाढतो. हा विषय नुसत्या अशक्तपणाचा नाहीं, माता जगण्याचा आहे, तो या कारणानें.

आतां आपण १९२८ सालच्या मुंबईंत जाऊं. त्या वर्षीं गिरण्यांतील कामगारांचा मोठा संप झाला. एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत गिरण्यांचीं भोंगे थंड होते आणि चाळींतील चुलीहि थंड होत्या. त्याच वर्षीं मुंबईच्या कायदेमंडळांत गिरणीकामगार स्त्रियांच्या प्रसूति-साहाय्याचें बिल चर्चेस आलें. बाळंतपणापूर्वीं आणि नंतर आईला विसांवा मिळणें यांत राष्ट्राचें हित आहे, असें सांगून डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं त्या बिलाला पाठिंबा दिला. १९२९ सालीं त्याचा कायदा झाला. गरीब आईच्या प्रकृतीचा विचार सार्वजनिक प्रश्न म्हणून होऊं लागण्याचा हा काळ होता.

भारतांत पुष्कळ वर्षें वैद्यकीय सेवा केलेल्या डॉ. मार्गारेट बाल्फर यांना बाळंतपणांत होणारे मृत्यु अस्वस्थ करीत होते. गरोदर स्त्रियांत एका विलक्षण पांडुरोगाचा फार प्रादुर्भाव होता आणि त्यांतून मृत्यु ओढवत. त्याचा शोध घेण्याकरितां त्यांनीं लंडनहून एका संशोधक स्त्रीला बोलाविलें. तिचें नांव लूसी विल्स. जन्म १८८८ चा. केंब्रिज येथें वनस्पतिशास्त्र आणि भूगर्भशास्त्र यांचा अभ्यास करून, मग लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयांतून १९२० सालीं ती डॉक्टर झाली होती. विल्सबाई १९२८ मध्यें मुंबईस आल्या आणि परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्यें काम करूं लागल्या. प्लेगच्या संशोधनाकरितां १८९९ सालीं स्थापन झालेली ही संस्था. तिच्या भोंवतालीं गिरण्या, चाळी आणि प्रसूतिगृहें. म्हणजे रोग, रोगी आणि रोगाचीं कारणें हीं सारीं हाकेच्या अंतरावर होतीं.

येथें विल्सबाईंनीं जें केलें, त्यांत मला त्यांचें मोठेपण दिसतें. प्रयोगशाळेंत जंतु शोधीत बसण्याआधीं त्यांनीं एक अगदीं घरगुती प्रश्न विचारला : या बायका खातात काय? तळपदे या आडनांवाच्या सहकाऱ्यासह त्यांनीं मुंबईंतील स्त्रियांच्या आहाराची आणि राहणीची पाहणी केली, आणि ती १९३० सालीं प्रसिद्ध झाली. पाहणींतून दिसलें तें असें कीं, हा रोग सुखवस्तु घरांत कमी आणि गरीब घरांत जास्त. ज्यांच्या ताटांत भाजीपाला, फळें, दूध, मांस हीं क्वचितच येतात, त्यांच्या वाट्याला तो अधिक. मग अन्नांतच कांहीं उणें असलें पाहिजे, असा त्यांचा तर्क झाला.

रक्ताचा थेंब सूक्ष्मदर्शकाखालीं ठेवला कीं या रोगाचें आणखी एक लक्षण दिसे. केवळ लोहाच्या अभावानें होणाऱ्या पांडुरोगांत तांबड्या पेशी लहान आणि फिकट होतात. या बायकांच्या रक्तांत त्या उलट नेहमीपेक्षां मोठ्या होत्या. लोह हें एकच उणें नव्हतें. पेशी घडविण्यास लागणारें दुसरेंहि कांहीं कमी पडत होतें. अमेरिकेंत मायनट आणि मर्फी यांनीं १९२६ सालीं अशाच दिसणाऱ्या एका पांडुरोगावर यकृत खाऊं घालण्याचा उपाय दाखविला होता. पण यकृत महाग, आणि अनेक घरांत निषिद्ध.

विल्सबाईंनीं उंदरांना गरीब स्त्रियांसारखेंच अन्न घालून पाहिलें. उंदीर पांडुर झाले, आणि अन्नांत यीस्ट मिसळतांच तो टळला. परंतु उवांमुळें उंदरांना झालेल्या निराळ्याच जंतुसंसर्गानें हे निष्कर्ष संशयास्पद ठरले. म्हणून पुढें माकडांवर तेच प्रयोग झाले, आणि यीस्टचा गुण तेथेंहि दिसला. त्यानंतर मार्माइट नांवाचा यीस्टचा काळपट, खारट, घट्ट अर्क रोगी स्त्रियांना देण्यांत आला. बिअरच्या कारखान्यांत उरणाऱ्या यीस्टपासून इंग्लंडांत हा पदार्थ करीत आणि गरीब लोक तो पावाला लावून खात. स्वस्त, साधा, बाजारांत मिळणारा पदार्थ. त्यानें फिकट पडलेल्या बायकांच्या रक्तांत नव्या पेशी भराभर दिसूं लागल्या आणि त्या सुधारल्या. हा वृत्तांत १९३१ च्या जून महिन्यांत ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्यें छापला गेला. यीस्टमध्यें आणि यकृताच्या कच्च्या अर्कांत असलेल्या, पण त्या वेळीं कोणालाच न ओळखलेल्या त्या द्रव्याला जगांत 'विल्स-घटक' असें नांव पडलें.

त्या घटकाची ओळख पटण्यास आणखी दहा वर्षें लागलीं. १९४१ सालीं अमेरिकेंतील टेक्सस विद्यापीठांतील संशोधकांनीं पालकाच्या पानांतून एक द्रव्य वेगळें केलें. त्याकरितां कांहीं टन पालक लागला. पानाला लॅटिन भाषेंत फोलियम म्हणतात, म्हणून या द्रव्याला फॉलिक अॅसिड असें नांव दिलें. १९४५ च्या सुमारास न्यूयॉर्कजवळच्या लेडर्ली प्रयोगशाळेंत तें कृत्रिम रीतीनें बनविण्यांत आलें, आणि त्या संशोधनाचे प्रमुख होते आपल्या आंध्रांतील भीमवरमचे यल्लाप्रगड सुब्बाराव. संग्रहणीच्या रोगानें त्यांचे दोन भाऊ दगावले होते. ज्या द्रव्यानें तसा रोग बरा होतो तेंच द्रव्य पुढें त्यांच्या देखरेखीखालीं कारखान्यांत तयार व्हावें, हा विलक्षण योग होय. मुंबईच्या गरीब गर्भिणीच्या ताटांत जें उणें आढळलें, तें अशा रीतीनें पालकाच्या पानांत सांपडलें आणि शेवटीं गोळीच्या रूपानें तिच्याकडे परत येण्यास सिद्ध झालें.

गोळीचा दुसरा अर्धा भाग लोहाचा. विल्सबाई इंग्लंडांत परतल्यावर त्याहि विषयाकडे वळल्या. लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयांत दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत, अन्नाचें रेशनिंग चालू असतांना, गरोदर स्त्रियांना नेमानें लोह दिल्यानें त्यांच्या हिमोग्लोबिनवर काय परिणाम होतो याचा त्यांनीं आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं अभ्यास केला. तो १९४७ सालीं प्रसिद्ध झाला. साधी राहणी, सायकलची आवड आणि डोंगर चढण्याचा छंद असलेल्या या बाई १९६४ सालीं निवर्तल्या. परळमध्यें त्यांनीं विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर आज आपल्या प्रत्येक खेड्यांत पोंचलें आहे. त्यांचें नांव मात्र फार थोड्यांना ठाऊक आहे.

स्वतंत्र भारताच्या सरकारनें १९७० सालीं गरोदर स्त्रियांना लोह आणि फॉलिक अॅसिड यांची एकत्र गोळी देण्याची राष्ट्रीय योजना सुरू केली. २०१८ मध्यें 'अॅनिमिया मुक्त भारत' या नांवानें तिला नवें रूप मिळालें. आतां ठरलेली गोळी ६० मिलिग्रॅम लोहाची व ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अॅसिडची. चौथा महिना लागला कीं रोज एक, अशी ती गरोदरपणांत निदान १८० दिवस घ्यावयाची, आणि बाळंतपणानंतर आणखी १८० दिवस. पहिल्या तीन महिन्यांत नुसतें फॉलिक अॅसिड देतात, कारण बाळाचा कणा आणि मेंदू घडण्याच्या आरंभींच त्याची गरज असते. त्याच्या योगानें मज्जारज्जूचीं व्यंगें टळतात हें १९९१ सालीं निर्विवाद सिद्ध झालें.

एवढें सर्व असतांना रोग हटला असेल असें वाटावें. परंतु २०१९ ते २०२१ या काळांत झालेल्या पांचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत देशांतील गरोदर स्त्रियांपैकीं शेंकडा ५२.२ पांडुर आढळल्या. त्याच्या आधींच्या २०१५-१६ च्या पाहणींत हें प्रमाण शेंकडा ५०.४ होतें. औषध सांपडलें, स्वस्त झालें, फुकट झालें, आणि तरीहि आंकडा हलत नाहीं. मग अडतें कोठें?

माझ्या समजुतीप्रमाणें तें दवाखान्याच्या दारापासून घरांतल्या चुलीपर्यंतच्या वाटेवर अडतें. आमच्या जिल्ह्यांतील खेड्यांत गोळ्यांचीं पाकिटें कोनाड्यांत जशींच्या तशीं पडलेलीं मीं पाहिलीं आहेत. कारण विचारलें तर कोणी म्हणते, "गोळीनें मळमळतें." कोणी म्हणते, "शौचाला काळें होतें." आणि वडीलधारी बाई हळूच सांगते, "गोळ्यांनीं पोर पोटांत मोठें होतें, मग बाळंतपण अडतें." कांहीं ठिकाणीं बाळ काळें होतें अशीहि समजूत आहे. यांतील शौचाचा काळेपणा खरा आहे, पण तो निरुपद्रवी आहे. न शोषलेलें लोह तसें बाहेर पडतें. मळमळ होत असेल तर रात्रीं जेवणानंतर गोळी घेऊन निजावें. बहुतेकींना तेवढ्यानें आराम पडतो. बाळाच्या रंगाशीं गोळीचा कांहीं संबंध नाहीं. गोळीनें बाळ अडण्याइतकें मोठें होत नाहीं; बाळंतपण निभावतें तें आईच्या अंगांत पुरेसें रक्त असल्यानें.

आपल्या चालीरीतींकडेहि जरा डोळसपणें पाहिलें पाहिजे. बाळंतीण झाल्यावर आपण तिला अळिवाची खीर आणि डिंकाचे लाडू देतों. अळिवांत लोह चांगलें असतें, म्हणजे पूर्वजांची दृष्टि चांगलीच होती. पण तीच स्त्री गरोदर असतांना तिला बेतानें खाण्याचा उपदेश होतो, आणि घरांतील सर्वांचीं जेवणें झाल्यावर उरलेलें तिच्या ताटांत येतें. तिला माती, खडू किंवा राख खावीशी वाटली तर आपण कौतुकानें डोहाळे म्हणून सोडून देतों. शास्त्र म्हणतें कीं, अशी इच्छा पुष्कळदां अंगांतील लोह संपत आल्याची खूण असते. डोळ्याच्या खालच्या पापणीची आंतली बाजू फिकट दिसणें, जिन्याच्या चार पायऱ्या चढतांना धाप लागणें, डोळ्यांपुढें अंधारी येणें या दुसऱ्या खुणा. त्या दिसल्यास रक्त तपासून घ्यावें, कारण जंतांनीं, दुसऱ्या एका जीवनसत्त्वाच्या अभावानें किंवा आनुवंशिक दोषानेंहि रक्त कमी होतें, आणि त्यांचे उपचार निराळे असतात. शेतांत अनवाणी चालणारीच्या पायांतून शिरणारा अंकुशजंत आंतड्यांतून रक्त शोषतो. म्हणून गरोदरपणाच्या चौथ्या महिन्यानंतर जंतांची एक गोळीहि डॉक्टर देतात. रक्त फारच उतरलें असेल तर तोंडावाटें घेण्याच्या गोळ्यांवर विसंबूं नये. शिरेंतून लोह द्यावें लागतें किंवा रक्तहि चढवावें लागतें, आणि त्यासाठीं मोठ्या रुग्णालयांतच जावें लागतें.

गोळी कशाबरोबर घ्यावी यालाहि महत्त्व आहे. चहाबरोबर घेतलेली गोळी बरीचशी वायां जाते, कारण चहांतील तुरट द्रव्य लोहाला बांधून ठेवतें. चुन्याची, म्हणजे कॅल्शियमची, गोळीहि निराळ्या वेळीं घ्यावी. उलट आंबट फळांतील जीवनसत्त्व लोह शोषून घेण्यास मदत करतें. आमचा जिल्हा मोसंबीकरितां प्रसिद्ध आहे. गाड्या भरभरून मोसंबी परमुलुखांत जाते. त्यांतील एखादें फळ घरच्या गरोदर सुनेच्या वाट्याला आलें तर बागाइतदाराचें कांहीं बुडणार नाहीं. पेरू, आंवळा, लिंबू यांचाहि तोच गुण. बाजरीची भाकरी, मेथी, शेपू, अंबाडीची भाजी, मोड आलेलीं कडधान्यें, आणि ज्या घरांत चालतें त्या घरांत मांस, हा आहार गोळीच्या जोडीला असावा. भाजी लोखंडी कढईंत शिजवावी. आहारानें गोळीची गरज सरत नाहीं, पण गोळीला बळ येतें.

एक गोष्ट मात्र घराच्या उंबऱ्याबाहेरची आहे. दिवाळीच्या सुमारास अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा या तालुक्यांतून पुष्कळ कुटुंबें ऊसतोडीला जातात आणि पांच-सहा महिने कोप्यांवर काढतात. त्यांत गरोदर स्त्रियाहि असतात. पहांटे उठून मोळ्या बांधणारी आणि त्या डोक्यावर वाहून गाडी भरणारी ही बाई १९२८ सालच्या गिरणीकामगार स्त्रीची आजची बहीण आहे. त्या बाईला कायद्यानें तरी कांहीं आठवडे विसांवा दिला. हिचें गांव सुटलें कीं आशाताई, नर्सबाई आणि अंगणवाडी, सारींच मागें राहतात. निघण्यापूर्वीं तिला पुऱ्या मुदतीच्या गोळ्या आणि तपासणीचें कार्ड बरोबर द्यावें, तिनें तें कार्ड जपून ठेवावें, आणि कारखान्याच्या गांवच्या आरोग्य केंद्रानें तें पाहून तिला आपली मानून पुढचें काम करावें. मुकादमानेंहि तेवढी खबर तेथें पोंचवावी. यांत खर्च थोडा आहे. लागते ती आस्था.

लूसी विल्स यांनीं आपल्या बायकांच्या ताटांत डोकावून पाहिलें, म्हणून जगाला एक नवें जीवनसत्त्व मिळालें. आपणांस नवें कांहीं शोधावयाचें नाहीं. आज रात्रीं आपल्या घरांतील गरोदर मुलीनें काय खाल्लें, शेवटीं बसून खाल्लें कीं सर्वांबरोबर, आणि तिनें गोळी घेतली कीं नाहीं, एवढें विचारावयाचें आहे. हें विचारण्याचें काम सासूचें आहे तसें नवऱ्याचेंहि आहे, आणि त्याला विद्वत्तेची आवश्यकता नाहीं. पेलाभर पाणी आणि एक गोळी तिच्या हातावर ठेवून ती गिळेपर्यंत तेथें उभें राहावें. हें १८० रात्रीं करावें, आणि बाळ झाल्यावर पुन्हां तितक्याच रात्रीं.